उडती मोटार उतरणार कुठे?

सात मिनिटं. हा आकडा काही माझा पिच्छा सोडत नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरमध्ये इंटरग्लोब आणि अमेरिकेतली आर्चर एव्हिएशन या दोन कंपन्यांनी जाहीर केलं की दिल्लीच्या कॅनॉट प्लेसहून गुरुग्रामला विजेवर उडणाऱ्या टॅक्सीनं सात मिनिटांत पोचता येईल, २०२६ मध्ये सेवा सुरू करायचा विचार आहे आणि त्यासाठी दोनशे विमानं घ्यायची आहेत. मोटारीनं याच प्रवासाला तास-दीड तास लागतो. तेव्हापासून आमच्या कोर्समेट्सच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी ही बातमी नव्या चित्रासकट येते. चित्रात आकाश निळं असतं (दिल्लीत!), इमारतींच्या गच्च्या मोकळ्या असतात आणि टॅक्सीतून उतरणाऱ्या बाईंचे केस जागच्या जागी असतात. हेलिकॉप्टर उतरताना ज्यानं एकदा तरी बाजूला उभं राहून पाहिलंय, त्याला ते केस बघूनच कळतं की चित्र काढणारा आयुष्यात कधी हेलिपॅडवर गेलेला नाही.

मी वैमानिक नाही. मी सॅपर. उडणं हे दुसऱ्यांचं काम, उडणाऱ्याला उतरायला जागा करून देणं हे आमचं. खडकवासल्याहून बाहेर पडल्यापासून वीसेक वर्षांत मी किती हेलिपॅड आखले, साफ केले आणि बर्फातून उकरून काढले याचा हिशेब ठेवलेला नाही. पण प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट सारखीच होती. हेलिकॉप्टर हवेत असेपर्यंत खालच्या कुणाला फारशी काळजी नसते. ते खाली यायला लागलं की तीस-चाळीस माणसांचे श्वास अडकतात. उडत्या मोटारींबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात हा शेवटचा भाग जवळजवळ नसतोच. म्हणून हा लेख.

आधी एक स्पष्ट करतो. उडणारं यंत्र बनवणाऱ्या पोरांशी माझं भांडण नाही. चेन्नईत आयआयटी मद्रासच्या आवारातून निघालेली ईप्लेन कंपनी आहे, बेंगळुरूची सरला एव्हिएशन आहे. सरलानं २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात आपल्या 'शून्य' नावाच्या टॅक्सीचा नमुना मांडला होता. ही मंडळी इंजिनियर आहेत, काहीतरी करून बघतायत, त्यांना माझा सलाम. माझं भांडण आहे ते 'शहरातल्या वाहतूककोंडीवर हाच उपाय' असं सांगणाऱ्यांशी. हा उपाय नाही. थोडा उशीर होईल इतकीच अडचण आहे असंही नाही. तो मुळातच उपाय नाही, आणि असं का म्हणतो ते सांगतो.

जागेपासून सुरू करू, कारण तो माझा प्रांत.

हेलिपॅड म्हणजे जमिनीवर चुन्यानं काढलेला 'एच' नव्हे. तो सगळ्यात सोपा भाग, तो नवा जवानही काढतो. हेलिपॅड म्हणजे त्या 'एच'कडे येणारी आणि त्याच्यापासून निघणारी हवेतली वाट. त्या वाटेत झाड नको, तार नको, झेंड्याची काठी नको. शक्यतो अशा दोन वाटा हव्यात, कारण वारा तुमच्या सोयीनं वाहत नाही. भोवतालचा प्रत्येक सुटा दगड, ताडपत्रीचा तुकडा, रिकामं पोतं उचलावं लागतं. रोटरच्या झोतानं उडालेला पत्र्याचा तुकडा माणूसही मारतो आणि यंत्रही. धुळीची जागा असेल तर हेलिकॉप्टर यायच्या आधी पाणी मारावं लागतं, नाहीतर शेवटच्या वीस फुटांत वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते. वारा दाखवायला विंडसॉक, तो नसेल तर नारिंगी धूर. आग विझवायची सामग्री हाताशी, स्ट्रेचर हाताशी, आणि उत्साहाच्या भरात शेपटीच्या पंख्याकडे धावणाऱ्या माणसाला कमरेला धरून मागे ओढणारा एक आडदांड हवालदार. इतकं सगळं एका हेलिकॉप्टरसाठी, आणि तेसुद्धा दिवसातून दोनदा येणाऱ्या.

आता कॅनॉट प्लेसमध्ये ही जागा शोधा. आर्चरच्या विमानात एक वैमानिक आणि चार प्रवासी बसतात, त्याला बारा पंखे आहेत आणि पंखांची रुंदी साधारण पंधरा मीटर आहे. म्हणजे नाव टॅक्सी असलं तरी रस्त्यावरच्या टॅक्सीच्या जागेत ती मावत नाही. एकावर भागणारही नाही. एक उतरलेली, एक चार्जिंगला लावलेली, एक बिघडलेली, एक निघायच्या तयारीत अशा चार-पाच उभ्या राहतील इतकी मोकळी सपाट जागा हवी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना उंच काही नको. ज्या शहरात रुग्णवाहिकेला उभं राहायला जागा मिळत नाही तिथली ही गोष्ट आहे.

गच्च्या आहेत की, असं लगेच उत्तर येतं. गच्च्यांचा प्रयोग जगानं करून पाहिला आहे. न्यूयॉर्कमध्ये पॅन ॲम इमारतीच्या एकोणसाठ मजल्यांवरच्या गच्चीतून विमानतळापर्यंत हेलिकॉप्टरची नियमित सेवा चालत असे. १६ मे १९७७ ला गच्चीवर उभ्या असलेल्या, पंखे फिरत असलेल्या एका हेलिकॉप्टरचा एक पाय मोडला आणि ते कलंडलं. पात्यानं गच्चीवरची चार माणसं मारली आणि पात्याचा तुकडा खाली रस्त्यावर पडून तिथून चाललेली एक बाई गेली. त्या बाईनं तिकीट काढलं नव्हतं. गच्चीवरची सेवा त्यानंतर कायमची बंद झाली. आपल्या गच्च्यांवर तर पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे टॉवर, सोलरचे पत्रे, डिशच्या छत्र्या आणि सुकत घातलेल्या चादरी. त्यातून उंच इमारतींच्या कडेला वारा भोवरे घालतो. खाली झुळूक असते तेव्हा विसाव्या मजल्याच्या कोपऱ्यावर ढकलून देणारा झोत असतो. डोंगराच्या सोंडेवर हेलिपॅड करताना आम्ही हा झोत कुठे येतो ते आधी चार दिवस बघत बसतो. शहरात समोरच्या प्लॉटवर नवा टॉवर उभा राहिला की ते चार दिवसांचं बघणं पुसलं जाणार.

आता ताकदीचं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

पंख असलेलं विमान पुढे जाताना हवेवर टेकून जातं. जागच्या जागी तरंगणाऱ्याला टेकायला काही नसतं, त्याला स्वतःच्या वजनाइतकी हवा सतत खाली ढकलत राहावी लागते. समजा तीन टनांचं यंत्र आहे आणि त्याच्या सगळ्या पंख्यांचं मिळून क्षेत्रफळ चाळीस चौरस मीटर आहे. नुसतं तरंगायला त्याला सातशे किलोवॉटच्या आसपास ताकद लागते. विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटारीला शहरात ताशी तीसच्या वेगानं चालायला सरासरी चार-पाच किलोवॉट पुरतात. म्हणजे एक टॅक्सी हवेत एका जागी थांबली की ती दीडेकशे मोटारींच्या चालण्याइतकी वीज खाते आहे, आणि एक इंचही पुढे गेलेली नाही.

जाणकार म्हणतील, तरंगणं दोन-तीन मिनिटांपुरतंच असतं, पुढे ती पंखांवर उडते आणि खर्च बराच उतरतो. बरोबर. पण ती दोन-तीन मिनिटं कोणती ते पाहा. त्यातली निम्मी प्रवासाच्या अखेरीस येतात, म्हणजे बॅटरी सगळ्यात रिकामी असते तेव्हा तिच्याकडे सगळ्यात जास्त ताकद मागायची. आणि नेमकं तेव्हा खालचं पॅड मोकळं नसेल तर? आधीच्या टॅक्सीचं दार लागत नाहीये, कुणा आजोबांचा पाय अडकलाय, कुत्रं शिरलंय. (हसू नका. मी रनवेवर नीलगाय पाहिली आहे.) हेलिकॉप्टरला दिवसाउजेडी सुद्धा वीसेक मिनिटांचं इंधन राखून ठेवावं लागतं ते याचसाठी. सात मिनिटांच्या प्रवासाला वीस मिनिटांची शिल्लक. विमानाच्या इंधनात किलोमागे साधारण बारा किलोवॉट-तास ऊर्जा असते, आजच्या चांगल्या बॅटरीच्या सेलमध्ये पाव. इंजिनात इंधनाची बरीच ऊर्जा वाया जाते हे धरलं तरी दहा-बारा पटींची तफावत उरते. शिवाय इंधन जळून यंत्र हलकं होत जातं, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढंच वजन घेऊन उतरते.

त्यात आपला उन्हाळा. तापलेली हवा विरळ असते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत दिल्लीची हवा समुद्रसपाटीच्या प्रमाण हवेपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ होते, आणि तेच वजन तोलायला सहा-सात टक्के ताकद जास्त लागते. बेंगळुरू तर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर आहे, तिथे साध्या उन्हाळी दुपारी तशीच स्थिती. लडाखमध्ये विरळ हवा म्हणजे काय हे मी जवळून पाहिलं आहे. आपलं चीता हेलिकॉप्टर ज्या फ्रेंच लामाचं भावंड, त्यानं १९७२ मध्ये १२,४४२ मीटरपर्यंत चढण्याचा विक्रम केला होता. इतकं समर्थ यंत्र, तरीही वरच्या चौक्यांवर ते येतं तेव्हा किलोकिलोचा हिशेब चालतो. रॉकेलचा एक जेरीकॅन ठेवायचा की टपालाची पिशवी, यावर मी लोकांना वाद घालताना ऐकलं आहे. टॅक्सीत बसताना प्रवाशाला वजनकाट्यावर उभं करणार का, हा प्रश्न मी एकदा मेसमध्ये विचारला तर सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

मग पडण्याचा प्रश्न. हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं कोसळत नाही. मोठा रोटर खालून येणाऱ्या हवेवर फिरत राहतो आणि चांगला वैमानिक त्याच्या जोरावर ते शेतात नेऊन टेकवतो. छोट्या छोट्या डझनभर पंख्यांच्या यंत्राला ही सोय नाही. त्याचा भरवसा वेगळ्या गोष्टीवर आहे, एक-दोन पंखे गेले तरी बाकीचे सांभाळतील यावर. ते खरं आहे आणि चांगलंही आहे. पण सगळ्या पंख्यांचा जीव ज्या वीजपुरवठ्यात आणि ज्या संगणकात आहे त्याचं काय? काही जण पॅराशूटचं सांगतात. पॅराशूट उघडायला उंची लागते, आणि धोका असतो तो उतरताना-चढताना, म्हणजे उंची नसते तेव्हाच. पंखांवर उडत असताना तरंगत खाली यायची सोय आहे म्हणावं, तर तरंगत जाणार कुठे? करोलबागेत?

बिघाड सोडा, नुसतं हवामान घ्या. दिल्लीत डिसेंबर-जानेवारीत धुकं, त्याआधी धूर, एप्रिलपासून धुळीची वादळं, जुलैपासून मेघगर्जना. कोलकात्यात कालबैसाखी. मुंबईत जून ते सप्टेंबर काय असतं ते मुंबईकराला मी सांगायला नको. मोटारीचा ड्रायव्हर धुक्यात हळू जातो, फारच झालं तर कडेला थांबतो. हवेत कड नसते.

आणि हे हवामान नियम पाळत नाही म्हणून माणसं नियम मोडतात. केदारनाथच्या वाटेवर हेलिकॉप्टरची ये-जा हे आपल्याकडचं हवाई टॅक्सीच्या सगळ्यात जवळचं उदाहरण आहे. छोटं अंतर, फेऱ्यांवर फेऱ्या, खाली रांगेत ताटकळलेले प्रवासी, हंगामात कमावून घ्यायची घाई. १८ ऑक्टोबर २०२२ ला तिथे एक हेलिकॉप्टर पडलं, सात जण गेले. १५ जून २०२५ ला पहाटे गौरीकुंडाजवळ ढगात दुसरं पडलं, पुन्हा सात, त्यात एक तान्हं मूल. चालवणारा आमच्याच सैन्यातून निवृत्त झालेला अनुभवी अधिकारी होता. अननुभवाला दोष देऊन इथे सुटका नाही. फेरी रद्द केली की पैसे बुडतात आणि रांग ओरडते, ही रचनाच तशी आहे. आमच्याकडे ढग आला की हेलिकॉप्टर येत नाही. खाली जखमी जवान असला तरी येत नाही, आणि वैमानिकानं 'नाही' म्हटलं की ब्रिगेड कमांडरसुद्धा गप्प बसतो. मी अशा एका दुपारी सहा तास आकाशाकडे बघत काढले आहेत. त्या दिवशी मला वैमानिकाचा राग आला होता, पण त्याचं 'नाही' कुणी मोडलं नाही. ऑफिसला उशीर होणाऱ्या चार प्रवाशांसमोर आणि मालकाच्या फोनसमोर तेवढ्याच ठामपणे 'नाही' म्हणणारे शेकडो वैमानिक रोज सकाळी कुठून आणणार?

पक्ष्यांचं आणि पतंगांचं परदेशी माहितीपत्रकांत नावही नसतं. दिल्लीच्या आकाशात घारी किती आहेत ते गाझीपूरच्या कचऱ्याच्या डोंगराकडे एकदा बघून या. त्या ज्या उंचीवर घिरट्या घालतात साधारण त्याच उंचीवरून ही टॅक्सी चढणार-उतरणार. १५ ऑगस्टच्या आसपास जुन्या दिल्लीत आणि संक्रांतीला अहमदाबादेत मांज्यानं दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात. हा मांजा बारा पंख्यांच्या यंत्रात गुंतला तर काय होईल याची चाचणी कॅलिफोर्नियात कुणी घेत नसणार.

आता थोडं माझ्या धंद्याच्या दुसऱ्या बाजूनं. दिल्लीवरचं आकाश सगळ्यांसाठी मोकळं नाही. राष्ट्रपती भवनाच्या भोवतीचं क्षेत्र उड्डाणाला बंद आहे, आणि कॅनॉट प्लेस तिथून हाकेच्या अंतरावर आहे. एकीकडे इंदिरा गांधी विमानतळाच्या धावपट्ट्यांकडे येणारी विमानांची रांग, दुसरीकडे पालम, तिसरीकडे हिंडन. प्रजासत्ताक दिनाच्या आधी आठवडाभर रोज दोन-अडीच तास विमानतळावरचीही ये-जा थांबते. २०२५ च्या मे महिन्यात पश्चिम सीमेवर ड्रोन येऊ लागले तेव्हा उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीसाठी बंद करावे लागले. कमी उंचीवर, हळू उडणारी, लहान वस्तू ओळखणं हे हवाई संरक्षणाचं सगळ्यात कटकटीचं काम आहे. त्यात शहरावर रोज शेकडो अशा वस्तू आपणच सोडायच्या, आणि त्यातली एखादी वाट सोडून रायसीना टेकडीकडे वळली तर ती बिघडली आहे, चुकली आहे की पळवली गेली आहे, हे मिनिटभरात कुणीतरी ठरवायचं. ते ठरवणारा माणूस माझ्यासारखाच कुणीतरी असणार, आणि त्या टॅक्सीत चार प्रवासी असणार. ही खुर्ची मला नको.

एवढं सगळं सुटलं असं धरू. बॅटरी आली, परवाने मिळाले, घारी शहाण्या झाल्या. मग किती माणसं जातील?

दोनशे टॅक्सी. प्रत्येकीच्या रोज तीस फेऱ्या, हे मी सढळ हातानं धरतो. प्रत्येक फेरीत चारही जागा भरलेल्या. झाले चोवीस हजार प्रवास. दिल्ली मेट्रोवर रोज साठ लाखांहून जास्त प्रवास होतात. म्हणजे हजारी चार. मेट्रो तेवढी माणसं सरासरी पाच मिनिटांत हलवते. किंवा असं पाहा: एका पॅडवर दर तीन मिनिटांनी एक टॅक्सी उतरून, माणसं उतरवून, चढवून पुन्हा निघाली तर तासाला वीस, म्हणजे ऐंशी माणसं. आठ डब्यांच्या एका गच्च भरलेल्या मेट्रोत दोन हजारांच्या वर माणसं असतात. ती एक गाडी रिकामी करायला त्या पॅडला पूर्ण एक दिवस आणि एक रात्र न थांबता काम करावं लागेल. तोवर खाली पुढच्या शेकडो गाड्या येऊन गेल्या.

आणि सात मिनिटं ही पॅडपासून पॅडपर्यंत. घरून पॅडपर्यंत रस्त्यानंच जायचं, त्याच कोंडीतून. मग सुरक्षा तपासणी, वजन, थांबणं, बसणं, पट्टा. उतरल्यावर पुन्हा रस्ता. सगळं जोडलं की तासाच्या आसपास येतंच. राजीव चौकातून गुरुग्रामला पिवळ्या लाइनची मेट्रो पाऊण ते एक तासात पोचवते, शंभर रुपयांच्या आत, धुक्यातही. हवाई टॅक्सीचं तिकीट दोन-तीन हजार असेल असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. बेंगळुरूत २०१८ मध्ये विमानतळ ते इलेक्ट्रॉनिक सिटी अशी हेलिकॉप्टर टॅक्सी सुरू झाली होती, साडेतीन हजार आणि वर कर. सिल्क बोर्डच्या चौकात आज उभे राहा आणि तिनं कोंडी किती कमी केली ते विचारा.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, 'मोबाइललाही लोक असंच हसले होते.' १९९५ मध्ये मोबाइलवर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत, आज फुकटात बोलतो. खरं आहे. पण मोबाइल स्वस्त झाला कारण त्याच्या आतलं सगळं लहान होत गेलं. बोलण्याला वजन नसतं. माणसाला असतं, आणि ते दर दोन वर्षांनी निम्मं होत नाही. (माझ्या कोर्सचं तर उलट झालं आहे.) सत्तर-ऐंशी किलोचा माणूस हवेत तोलायला जितकी हवा खाली ढकलावी लागते तितकी शंभर वर्षांपूर्वीही लागत होती. उडत्या मोटारी नव्या नाहीतच. १९४९ मध्ये अमेरिकेत मोल्ट टेलरनं एरोकार उडवली, पुढे तिला रीतसर प्रमाणपत्रही मिळालं, आणि बनल्या सहा. १९७३ मध्ये फोर्ड पिंटो मोटारीला सेस्नाचे पंख लावलेली मिझार पडली आणि बनवणाराच त्यात गेला. परवा परवा, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या लिलियमनं आणि डिसेंबरमध्ये व्होलोकॉप्टरनं दिवाळखोरीचा अर्ज केला. व्होलोकॉप्टर तर त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी उडवणार होती.

'आकाशात जागाच जागा, तिथे कोंडी होणार नाही' हा दुसरा युक्तिवाद. समुद्रातही जागाच जागा असते, गर्दी बंदरात होते.

मला हे सगळं इतकं लावून धरावंसं का वाटतं? माझ्या ऑफिसातला एक क्लार्क रोज दोन बस बदलून येतो. शेवटचा किलोमीटरभर तो ज्या रस्त्यानं चालतो त्याला फूटपाथ नाही. जिथे आहे तिथे त्यावर ट्रान्सफॉर्मर आहे, त्याच्यापुढे मोटारी उभ्या आहेत, त्याच्यापुढे उघडं गटार. पावसाळ्यात तो बूट हातात घेऊन येतो आणि गेटवर घालतो. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी. एका वर्षात, युद्धाशिवाय. हे आकडे सरकारच्याच अहवालातले आहेत आणि त्यावर परिषदा भरत नाहीत. परिषदा भरतात त्या वरच्या वाहतुकीवर. मंत्रालयांची माणसं, महापालिकांचे इंजिनियर, जमिनीचे तुकडे आणि वर्तमानपत्रांची पानं तिकडे वळतात. ज्यांच्या हाती शहराचे निर्णय आहेत त्यांनाच कोंडीवरून उडून जायची आशा लावली, की खालच्या फूटपाथसाठी भांडायला कोण उरलं? हेलिकॉप्टरनं पाहणी करणाऱ्याला रस्त्यातले खड्डे दिसत नाहीत, हे आम्ही फौजेत फार वर्षांपासून एकमेकांना ऐकवतो.

या यंत्रांना जागा आहे, आणि ती मी पाहिली आहे. मणिपूरमध्ये २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बिष्णुपूरहून लोकटक तलावातल्या करांग बेटावर ड्रोननं लसी पोचवल्या. रस्त्यानं २६ किलोमीटर, हवेतून १५, वेळ बारा ते पंधरा मिनिटं. उंचावरच्या चौक्यांवर आता ड्रोन सामान नेतात. ज्या वाटेवर पूर्वी पोर्टर आणि खेचरं दिवसभर चढत, तिथे औषधांचा डबा चहा होईपर्यंत येतो. तिथे रस्ता होऊच शकत नाही, माल हलका असतो, खाली वस्ती नसते आणि ढग आला तर डबा उद्या येतो. बेटं, दऱ्या, पुरात तुटलेली गावं, एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे नेायचं रक्त, ही सगळी कामं या यंत्रांची वाट बघतायत. पण तिथे दोन-तीन हजारांचं तिकीट काढणारं गिऱ्हाईक नाही, म्हणून माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर कॅनॉट प्लेस येतं.

तरी ज्यांना दिल्लीतच करून दाखवायचं आहे त्यांनी जरूर दाखवावं. प्रदर्शनातल्या गालिच्यावर नको. मे महिन्यातली दुपार, पंचेचाळीस अंश, चार खातीपिती माणसं आणि त्यांच्या बॅगा, पश्चिमेकडून उठलेलं धुळीचं वादळ, पॅडवर दार न लागणारी दुसरी टॅक्सी आणि बॅटरीत पंधरा टक्के. पाणी मारायला आणि नारिंगी धूर सोडायला मी माझी दोन पोरं घेऊन येतो. विंडसॉकही आमचाच.